नम्रताची जोडणी नव्या यंत्रात उतरवण्याविषयी

हमरापूर, ता. पेण, जि. रायगड
दि. २२ जून १९९९

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
लोककला चित्रफीत केंद्र, रोहा

विषय : कै. नम्रता महिपती मोकल हिने जुन्या संगणकावर केलेले गणपती कारखान्यांच्या फिल्मचे संकलन नव्या यंत्रात जसेच्या तसे उतरवून मिळणेबाबत.

संदर्भ : आपले पत्र, 'फाइलीत चित्र नसल्याने नुकसान झालेले नाही.'

महोदय,

अर्जदार महिपती नाथा मोकल, धंदा गणपतीच्या मूर्ती रंगवणे, सविनय लिहितो की, कै. नम्रता ही त्याची मुलगी. ती आपल्या केंद्रात संकलक होती, म्हणजे शूटिंगच्या टेपांतून तुकडे निवडून एकापुढे एक लावीत असे. हमरापूरच्या कारखान्यांवरील फिल्म तिने सगळी लावली आणि होळीच्या सुमारास कावीळ होऊन ती गेली.

तिने फिल्मची पक्की टेप काढून ठेवली नाही, हा हलगर्जीपणा होय, असा शेरा आपल्या कार्यालयाने मारला आहे. तो अर्जदारास फार लागला. मोकलांच्या घरची रीत अशी की, मूर्ती रंगून झाली तरी गिऱ्हाईक पाट घेऊन दारात आल्याशिवाय डोळ्यांची आखणी करीत नाहीत. नम्रता याच रीतीत वाढली. शेवटच्या सुट्टीत घरी आली तेव्हा म्हणाली, "आबा, सगला काम झालाय, डोलेच तेवढे ऱ्हायलेत. साहेब बघायला येतील तवाच टेप काढीन." साहेबांची तारीख पुढे पुढे गेली आणि काम संगणकाच्या फाइलीतच राहिले.

त्यानंतर केंद्राने दुसऱ्या कंपनीचे यंत्र घेतले. त्यास जुन्या यंत्राची फाइल उघडता येत नाही. अर्जदार विचारावयास आला असता त्यास समजावण्यात आले की, फाइलीत नुसते आकडे असतात, मूळ टेपा कपाटात सुरक्षित आहेत, सबब काही बुडालेले नाही. महोदय, साच्यातून मूर्ती कोणीही काढील. डोळे मात्र ज्याचे त्याचे असतात. पेणच्या बाजारात लांबून बघूनही आखणी कोणाची ते सांगतात.

फाइलीच्या रूपांतरासाठी केलेला पहिला अर्ज, फाइल बनवणाराचीच सही लागते म्हणून परत आला. ती वारली असे दाखल्यासह कळवले, तर ती रजेविना गैरहजर का, असा खुलासा तिच्याच नावे मागवण्यात आला. ते पाकीट अर्जदाराची बायको गिरजाबाई हिच्या हाती पडले. तिला वाचता येत नाही, मुलीचे नाव तेवढे ओळखते. "अवो, नमीचा कागद आयलाय," असे म्हणत ती कारखान्यात धावत आली.

दरम्यान धाटावच्या कंपनीत संगणकावर बसणारा भाचा प्रवीण याने शिफ्ट सुटल्यावर, नम्रताने त्या फाइलीची नक्कल करून घरी ठेवलेल्या फ्लॉपीतले आकडे छापून आणले. कोणती टेप, तुकडा कुठून कुठपर्यंत, एवढेच त्यात आहे, पण ते सर्व आहे. आपले नवे संकलक श्री. पुष्कर दामले यांनी त्याच टेपांतून नवी फिल्म केली, ती अर्जदाराने पाहिली. छान चटपटीत झाली आहे, त्यांच्याविषयी तक्रार नाही. मात्र नम्रताने सर्वांत लांब ठेवलेला तुकडा त्यांनी निरुपयोगी म्हणून काढून टाकला आहे.

तो तुकडा अर्जदाराने केंद्रात बसून मूळ टेपेवर पाहिला. त्यात अर्जदार स्वतः आहे. कुंचला डोळ्याशी नेतो, हात कापतो, म्हणून खाली घेतो. डाव्या हाताने उजवे मनगट धरून ठेवतो. कंप थांबल्यावर पुन्हा कुंचला उचलतो.

तरी विनंती की, यंत्रास फाइल उघडता येत नसेल तर अर्जदारास श्री. दामले यांच्या शेजारी बसू द्यावे. तो एकेक आकडा वाचून दाखवील, त्यांनी तेथे तेथे तुकडा तोडावा व जोडावा. तेवढेही होणार नसेल तर तो एक तुकडा तरी नम्रताने ठेवला तेवढाच ठेवावा. हात कापतो हे अर्जदाराने घरात कोणालाही कळू दिले नव्हते. ते तिला माहीत होते, हे तिला जाऊन इतके दिवस झाल्यावर अर्जदारास कळले.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
(सही)
महिपती नाथा मोकल

सोबत :
१. फ्लॉपी, दोन
२. छापलेले आकडे
३. मृत्यूचा दाखला (तिसऱ्यांदा जोडला आहे)