सौ. मागून येत आहेत

७ डिसेंबर २०२५, रविवार. सीवूड्स. सकाळी ९.
दैनंदिनी आजपासून पुन्हा सुरू. सौ.च्या तेराव्यानंतर ती बंद पडली होती. दहा महिने झाले. मनःस्थिती उत्तम आहे.

चिरंजीव निखिलचा फोन आला. बाबा, खारघरला आमच्याकडे राहायला या. मी नम्रपणे नकार दिला. मला सोबतीची नव्हे, शुद्ध हवेची गरज आहे. तीन दिवस कासारतळे येथे जाण्याचे निश्चित केले आहे. लहानसे गाव, मोठा तलाव, होमस्टे. सौ.ना तेथे जायचे होते; परंतु माझे जाणे त्या कारणास्तव नाही.

संकल्प : पहाटे साडेपाचला उठणे. तलावास प्रदक्षिणा. किमान वीस पक्ष्यांची नोंद. नौकाविहार. तेथील मंदिराचे दर्शन. लोकसंस्कृतीचा अभ्यास.

करावेहून येणारी मासेवाली दारात आली. सौ. गावाहून परतल्या का, असे नेहमीप्रमाणे विचारले : ताय आयली का गावशी? नेहमीप्रमाणे मी सांगितले, अद्याप नाही. (फेब्रुवारीत सर्वांना कळवण्याचे काम निखिलने केले. ही यादीतून सुटली. मासेवालीला दारात उभे करून सांगण्यासारखी ती गोष्टही नव्हे.) ही बाई हल्ली बोंबलांचा वाटा फारच लहान देते. तक्रार करणे आवश्यक.

९ डिसेंबर, मंगळवार.
होमस्टेचा फॉर्म ऑनलाइन भरला. सूचना क्रमांक एक : 'फक्त फॅमिलीसाठी. एकट्या जेन्टसना रूम मिळनार नाही.' 'मिळनार'मधील न अशुद्ध आहे. नियमही अन्यायकारक आहे. पाहुण्यांची नावे या रकान्यात लिहिले : श्री. दिनानाथ, सौ. चारुलता. यास खोटे म्हणता येणार नाही. फॉर्ममध्ये हयातीचा रकाना नव्हता.

१७ डिसेंबर, बुधवार. कासारतळे. दुपारी २.
सुखरूप पोहोचलो. मालकीण सगुणाबाई फाटकात उभ्या होत्या. माझ्याकडे न पाहता त्यांनी गाडीत पाहिले. पुढे पाहिले, मग मागे पाहिले. भाऊ, वहिनी कुठं हायत?
मागून येत आहेत, असे उत्तर दिले. परिस्थिती पाहता हेच योग्य होते. उद्या सविस्तर खुलासा करीन.
खोलीत दोन उशा, दोन टॉवेल, दोन कप. एक संच कपाटात ठेवला. नंतर पुन्हा बाहेर काढला. तो त्यांच्या मालमत्तेचा भाग आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ९.१०.
साडेपाचची वेळ हुकली. प्रवासाचा शीण. प्रदक्षिणा उद्या. पक्षी : एक. बगळा असावा.

सकाळी ११.३०.
नौकाविहार झाला. पॅडलबोट दोन आसनी. मी डावीकडे बसलो. उजवे आसन रिकामे. बोट डावीकडे कलली आणि जागच्या जागी गोल फिरू लागली. चार फेऱ्या झाल्या. सगुणाबाईंचे यजमान देवजी काठावरून ओरडत होते, भाऊ, मधी सरका, मधी! मध्ये सरकल्यास पॅडलपर्यंत पाय पोहोचत नाहीत, हे मी त्यांना उच्च स्वरात समजावले. अखेर त्यांनी दोर टाकून ओढून घेतले. वर म्हणाले, वहिनी आल्या की जा, जोडीनं सरळ जाते ती.
बोटीच्या रचनेत मूलभूत दोष आहे.

दुपारी १.
अडचण. आज मार्गशीर्षातील शेवटचा गुरुवार. सगुणाबाईंचे उद्यापन आहे. सात सवाष्णी लागतात. सातव्या बाईंना अचानक माहेरी जावे लागले. सगुणाबाई हात जोडून म्हणाल्या, भाऊ, देवीनंच धाडलं तुमाला. वहिनींना सातव्या मानाला बसवते. संध्याकाळपातूर येतील ना?
येतील, असे मी म्हणालो.
असे का म्हणालो, याची कारणमीमांसा सध्या शक्य नाही. सौ.नी हळदीकुंकवाचे बोलावणे आजवर कधी नाकारले नाही, एवढीच नोंद करतो.

सायंकाळी ६.
मंदिर पाहिले नाही. खोलीतच आहे. ओसरीवर सात पाट मांडले आहेत. खिडकीतून मोजले. सहांवर बायका बसल्या आहेत.

सायंकाळी ७.२०.
देवजी दार वाजवून गेले. वहिनींचा फोन लागतोय का, भाऊ? सगुणानं सकाळधरनं पानीबी घेतलं नाय. सातवी जेवल्याबिगर ती घेनार नाय.
निवेदन तयार केले आहे : 'माझ्या पत्नीचे ११ फेब्रुवारी रोजी निधन झाले असल्याने त्या उपस्थित राहू शकत नाहीत. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' तीन वेळा वाचून पाहिले. व्याकरण निर्दोष आहे. आता खाली जातो.

१९ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी १०.
कालचे लिहिणे भाग आहे.
निवेदन जमले नाही. ती येणार नाही, एवढेच म्हणालो. सगुणाबाईंनी विचारले, आज नाय का? मी म्हणालो, कधीच नाही. फेब्रुवारीपासून.
समईपुढे बसलेल्या, गावच्या शाळेत शिकवणाऱ्या वैजयंतीबाईंनी तोंडाला पदर लावला.
सगुणाबाईंनी प्रथम माझी चांगलीच हजेरी घेतली. अवो भाऊ, दुपारीच सांगायचं ना! वाडीवरली कुनी आनली असती. हितं घसा सुकला माझा! मी मान खाली घालून उभा होतो. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारले, म्हंजे तुमच्याआधी गेल्या?
मी समोर उभा असताना हा प्रश्न अनावश्यक होता. होय म्हणालो.
मग सवाष्णच गेल्या की, त्या म्हणाल्या. मग पाट कशापायी मोकळा ठेवायचा?
त्यांनी सातव्या पाटावर हळदकुंकू वाहिले. तांदूळ, नारळ, हिरवा खण अशी ओटी काढली. ती घ्यायला कुणी नव्हते, म्हणून माझ्या खांद्यावरचा पंचा ओढून त्यात ओतली. मग मलाच त्या पाटावर बसवले. त्यांच्या वाटनीचं तुमी जेवा. पुरणपोळी होती. माझा पहिला घास झाल्यावर सगुणाबाई पाणी प्यायल्या. वैजयंतीबाई म्हणाल्या, झाल्या बाई सात. एक मिशावाली निघाली, एवढंच. सगळ्या हसल्या. मीही बहुधा हसलो. डोळ्यांत पाणी आले ते समईच्या धुरामुळे.

निघताना होमस्टेच्या नोंदवहीत सही केली. बुधवारी मीच तेथे 'सौ. चारुलता' असे लिहिले होते. मी दुसऱ्यांच्या पाट्यांवरील अनुस्वार दुरुस्त करणारा माणूस. दहा महिने सर्वत्र 'सौ.' लिहीत आलो. जी नवऱ्याआधी जाते तिच्यासाठी शुद्ध रूप 'कै. सौ.' असे आहे. मला ते ठाऊक होते. सौ.च्या आधी थोडी जागा होती. तेथे 'कै.' बसवले.

२० डिसेंबर, शनिवार. सीवूड्स.
काल सायंकाळी परतलो. प्रदक्षिणा शून्य, पक्षी एक, मंदिर शून्य. निखिलला सहल समाधानकारक झाल्याचे कळवले. ओटीचे तांदूळ वेगळ्या डब्यात ठेवले आहेत.
उद्या मासेवालीस सांगायचे. वाक्य लहान ठेवायचे. वाट्याविषयीची तक्रारही त्याच वेळी उरकून घ्यायची.

२१ डिसेंबर, रविवार. सकाळी ८.४०.
मासेवाली आली. ताय आयली का गावशी?
मी म्हणालो, ताई गेल्या. फेब्रुवारीत.
तिने टोपली खाली ठेवली. म्हणाली, मना म्हाईत हाय, दादा. तवाच कललं व्हतं. तुमी कवा सांगताव म्हनून इचारतंय.
मग बोंबलांचा वाटा लावला. नेहमीएवढाच. मी पाहत राहिलो. फेब्रुवारीपासून ती एकाच माणसापुरता वाटा देत होती.
तक्रार केली नाही.