आजच्यापुरत्या दोन गोळ्या

राहनाळ, रविवार, १२ फेब्रुवारी २००६

सांधेवाताची स्टेरॉइडची गोळी कमी करत करत दोन महिन्यांनी अर्धीवर आले. अर्धीवर सकाळी बोटं मिटतच नाहीत. दुखेल, पण वाढवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय.

आज नणंदेला बघायला पाहुणे. सासूबाईंनी पहाटे चहासोबत दोन अख्ख्या गोळ्या हातावर ठेवल्या. "आजच्यापुरत्या घे. भाकऱ्या कोन थापनार?" हे पेपरात डोकं घालून बसले. मी घेतल्या. का घेतल्या?

दुपारी बोटं अशी चालली की माझं मलाच नवल वाटलं. तांदळाच्या चाळीस भाकऱ्या! पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी खरकटी ताटं माझ्यापुढे सरकवली. "येतंय की सगलं! मंग इतके दिस नाटक कशाला करत व्हतीस?"

उद्या सकाळी पुन्हा अर्धी.