ठकी सलामीला, डावरी पाचवी

॥ श्री ॥
दि. ३ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही इकडे खुशाल आहोत, तिकडे परदेशातल्या गारठ्यात तुम्हीही असाल अशी आशा करते. पहिला सामना हरलात हे तुझ्या पत्राआधीच पेपरानं सांगितलं, तेही घोड्यांच्या शर्यतीखाली चार ओळींत. ह्यांनी दुकानात डोळ्यावरचं भिंग न काढताच बातमी वाचली आणि घरी येऊन म्हणाले की तुमच्या मुलींची स्प्रिंग एकदमच सुटलेली दिसते. घड्याळजीला दुसरं काय सुचणार!

चुकतंय कुठे ते मी ओट्याशी उभी राहून सांगते. पहिल्या तासात चेंडू नवा, खेळपट्टी ओली, आणि तुझ्या पोरी पगार नुकताच हातात पडल्यासारख्या बॅट फिरवतात. अरे, पहिल्याच आठवड्यात डबे रिकामे केले तर महिनाअखेरीस घरात काय शिजवायचं? तुझ्या संघात कोणीतरी काटकसर करणारी हवी.

तू विचारलंस, दुसऱ्या सामन्यात सलामीला ठकी की ती बँकेतली डावरी. आपण रेडिओला कान लावून बसायचो तेव्हापासूनचा आपला नियम आहे, संघ विचारला की खरं सांगायचं. तर सांगते, डावरीला पाठव. ठकी माझी मुलगी असली तरी धावा फार सावकाश करते, आखूड चेंडूला बिचकते. शिवाय मामा प्रशिक्षक आणि भाची सलामीला, हे दिसायला बरं नाही. जिन्यात शेजारची शिवणवाली मला हसून म्हणालीच, की तुमचं काय बाई, घरचाच कोच! तुझ्या नावाला बट्टा नको.

संघ जिंकू दे असं देवाला रोज सांगते. कोणाला खेळवायचं ते मात्र त्याच्यावर ढकलत नाही, तेवढं तुझं काम. कागद संपला म्हणून कडेला लिहिते आहे. लोभ आहे, तो तुझ्या फलंदाजांसारखा लवकर बाद होऊ देऊ नकोस.

तुझी,
आक्का

दि. १४ जून

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सामन्याच्या आदल्या दिवशी हातात पडलं. खरं सांगू? माझ्या मनात ठकीचंच नाव होतं. पण खुद्द तिची आई इतकं ठामपणे लिहिते म्हटल्यावर मी पाऊल मागे घेतलं. डावरीनं दोन चौकार असे मारले की समोरच्या संघाचे लोकसुद्धा टाळ्या वाजवत उठले, आणि ते खाली बसेपर्यंत ती बाद झाली होती. पाठोपाठ निम्म्या पोरी. पावसानं अब्रू राखली, सामना अनिर्णित सुटला.

आता माझा गाढवपणा ऐक. ठकीनं विचारलं, मला का वगळलं? मी सांगून बसलो की तुझ्या आईचंही तेच मत आहे, आखूड चेंडूला बिचकतेस म्हणते. वाटलं, आईचं नाव ऐकून शांत होईल. शांत झाली खरी, पण अशी की तेव्हापासून मुकाट्यानं मैदानात पाणी नेते, बॅटी पुसते आणि मला मामा न म्हणता सर म्हणते. ही पोर मुकाट झाली की मला धडकीच भरते गं.

दौऱ्यातला एकच सामना उरलाय. पुढच्या हंगामाचा संघ दौऱ्यात खेळलेल्या मुलींतूनच निवडतात, हे तुला ठाऊक आहे. म्हणजे आता नाही तर ठकीचं नाव यादीतून गेलंच. पण आता घेतलं, तर रुसली म्हणून मामानं घेतलं असं होईल. त्यामुळे संघ तसाच ठेवावा असं मनाशी ठरवत आणलंय. तुझं काय म्हणणं?

भावजींना नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिहिणं सोडू नकोस.

तुझा,
भाऊ

दि. १४ जून

ती. सौ. आई, ऊर्फ निवड समिती अध्यक्षा यांस शि. सा. न.

मी बरी आहे. स्वेटर घालते, दूध पिते. बाकी सगळं तुझ्या मनासारखं चाललंय, म्हणजे मी बाहेर बसले आहे.

आखूड चेंडूला मी बिचकते हे तुला कोणी सांगितलं? तू मला शेवटचं खेळताना पाहिलंस ते शाळेच्या मैदानावर, आणि तेव्हाही डोळे मिटून देवाचं नाव घेत बसली होतीस. मी चौकार मारल्याचं शेजारच्या बाईंनी सांगितलं, तेव्हा कुठे डोळे उघडलेस.

बाहेर बसल्याचा राग नाही गं. सकाळी खेळपट्टी बघून मामानं मला वगळलं असतं, तर मी पाणी हसत नेलं असतं. राग याचा आहे की माझा निकाल खेळपट्टीवर लागला नाही, आपल्या जिन्यात लागला. शिवणवाल्या काकू काय म्हणाल्या असतील ते मला इथून ऐकू येतंय.

एकच विचारते. मी तुझी कोणी नसते, पेपरातलं नुसतं एक नाव असते, तर तू सलामीला कोणाला पाठवलं असतंस? उत्तर मला नको, मामाला कळव. डावरी असेल तर डावरी लिही, मी रडणार नाही.

बाबांना सांग, त्यांनी दिलेलं घड्याळ इथल्या थंडीत मागे पडतं. माझ्यावरचा लोभ राखीव ठेवलास तरी चालेल, सवय झाली आहे.

तुझी,
ठकी

॥ श्री ॥
दि. २२ जून

चि. भाऊस अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र वेळेत पोचणार नाही म्हणून आज तार केली आहे, ‘ठकी सलामीला डावरी पाचवी’. मी आलेलं पाकीट उलटं करून पुन्हा वापरणारी बाई, आणि आमच्याकडे तार म्हणजे कोणी गेल्याशिवाय नाही. पण हे स्वतः दुपारी दुकान बंद करून गेले. तारेच्या कारकुनानं दोनदा वाचून विचारलं म्हणे, की ही काय सांकेतिक भाषा आहे? जन्मात क्रिकेट न कळलेले हे त्याला म्हणाले, ही आमची घरगुती बाब आहे.

आता कारणं. ठकीनं विचारलं, ती माझी कोणी नसती तर? भांडी घासता घासता तिचं नातं पुसून मी संघ मांडून पाहिला. पुन्हा पुन्हा मांडला. दर वेळी सलामीला तीच आली. मागचं पत्र मी खेळ बघून लिहिलंच नव्हतं, शिवणवालीला घाबरून लिहिलं होतं. पोरीला झुकतं माप मिळू नये म्हणून मी तराजू तिच्या विरुद्ध कलवला. पण कलला तो कललाच ना रे, कुठल्याही बाजूला असो.

डावरीला वगळू नकोस. तिच्या हातात जोर आहे, तो नव्या चेंडूवर वाया जातो. दुपारी चेंडू मऊ पडला, गोलंदाज दमल्या, की तिला सोड. आणि ती चौथी मध्यमगती गोलंदाज कशाला? पेपरात तिच्या नावापुढे षटकंच दिसत नाहीत. सीमारेषेवर हात चोळत उभं राहायला का तिला इतक्या लांब नेलीस? तिला बसव.

ठकी सावकाश खेळते, कबूल. घरीही बादलीभर कपड्यांना दुपार लावते, पण डाग राहत नाही. तरी माझ्या एकटीच्या शब्दावर जाऊ नकोस. कर्णधार बाई शाळेत गणित शिकवतात, मामा-भाचीशी त्यांना काही घेणं नाही. त्यांना विचार. त्या नको म्हणाल्या तर मी गप्प बसेन. आखूड चेंडूची भीती बहुधा माझीच होती, ती मी तिच्या नावावर लिहिली.

देवापुढे हात जोडले आहेत, या खेपेला डोळे उघडे ठेवून. तू आपला तशीच माया करत राहा, पण संघ नीट निवड.

तुझी,
आक्का

दि. २६ जून, पॅव्हेलियनमधून

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून नाही, पण तार परवा नाश्त्याच्या टेबलावर आली. कोणाची ते न सांगता मी कर्णधार बाईंपुढे सरकवली. त्यांनी चष्मा पुसून वाचली आणि मला फैलावर घेतलं. म्हणाल्या, मी घसा कोरडा करून हेच सांगत होते, ते तारेनं आल्यावरच कळतं का तुम्हाला? आणि पुढे जे म्हणाल्या ते ऐकून माझा चहा गार झाला. मामा आहे म्हणून हा माणूस भाचीला शिक्षा करतोय, असं अख्खा संघ बोलत होता. आक्का, आपण दोघं लोकांच्या बोलण्याला भ्यायलो, आणि लोक भलतंच बोलत होते!

तर ठकी सलामीला, डावरी पाचवी. चौथी गोलंदाज आज पाणी नेते आहे. सकाळपासून आभाळ खाली उतरलंय, चेंडू वाटेल तसा वळतोय. समोरून दोघी गेल्या, ठकी आहे. धावा विचारू नकोस, फलकावरचे आकडे बदलणारा माणूस खुर्चीत पेंगतोय. एक आखूड चेंडू तिच्या खांद्यावर बसला. मी धावत निघालो, तिनं लांबूनच हातानं थांबवलं, आणि पुढच्याच चेंडूला पाय पुन्हा पुढे. समोरच्या गोलंदाज आता कमरेवर हात ठेवून उभ्या राहायला लागल्यात. ते बघून शेजारी पॅड बांधून बसलेली डावरी खुशीत आहे.

टपाल निघायचंय, म्हणून जेवणाच्या सुट्टीत एवढंच लिहितो. निकाल देवाला ठाऊक. लोभ आहेच, तो आज जरा जास्तच लागणार आहे. खाली ठकीला लिहायचंय.

तुझा,
भाऊ

आई, खांदा ठणकतोय म्हणून अक्षर असं. चेंडू लागला तेव्हा भीती वाटली होती, बाबांना सांगू नकोस. मामा म्हणतो सावकाश खेळ, डावरी म्हणते आता मार. तुझं मत पत्रानं येईलच. ते येईपर्यंत मी तिथेच उभी राहायचं ठरवलंय. पंच निघाले.

ठकी