पदर डाव्याच खांद्यावर

३ जून
आले एकदाची बंगळुरूला. यशवंतपूर स्टेशनवर केतकी गजरा घेऊन उभी होती. आपली आई गजरा माळत नाही हे या मुलीला आजवर कळलेलं नाही. तरी माळला. मोगरा इथला खरंच चांगला आहे, मिरजेसारखा दुपारपर्यंत मान टाकत नाही.

मल्लेश्वरमचं घर आवडलं. तिसरा मजला, गॅलरीला टेकलेलं आंब्याचं झाड, खाली फुलवाल्या आणि फिल्टर कॉफीचा वास. खटकली ती एकच गोष्ट. हॉलच्या भिंतीत कपाट आहे आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत आरसा. निवृत्त बाईने स्वतःला इतकं बघायची काही गरज नाही, असं मी म्हटलं. त्यावर केतकी म्हणाली, आई, चप्पल तरी काढ, मग नावं ठेव.

परवा ती कामासाठी फ्रँकफुर्टला चालली आहे, ती अठ्ठावीसला परत येईल. तोवर माझ्यासाठी एक अट आहे. रोज नाश्ता झाला की मी माझा सेल्फी काढून पाठवायचा. फोनवर मी "ठीक आहे" म्हणते तेव्हा त्यात खोटं किती ते तिला कळत नाही, चेहऱ्यावर मात्र कळतं, असं तिचं म्हणणं. अट मान्य केली. चेहरा लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

६ जून
पहिला सेल्फी पाठवला आणि सकाळचा चहा कडू झाला. फोटोत माझा पदर उजव्या खांद्यावर. चमकी उजव्या नाकपुडीत. मागच्या कॅलेंडरवरचे आकडे कूस बदलून झोपल्यासारखे. हातात किल्ल्या होत्या, त्यांना अडकवलेला माझा शिशाचा L, त्याचाही पाय डावीकडे.

इथे मला संताप आला. मी नोकरीची सगळी वर्षं मिरजेच्या एका इस्पितळात एक्स-रे काढले आहेत. फिल्मवर शिशाचं L किंवा R ठेवल्याशिवाय मी कधी बटण दाबलं नाही, मग समोर डीन उभे असोत. डाव्याला उजवं म्हटलं की माणसाचा धडधाकट गुडघा उघडला जातो. निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या मुलींनी माझीच अक्षरं किल्ल्यांना अडकवून भेट दिली. R कुणीतरी ढापला, L राहिला. केतकी लहान असताना तो कागदावर ठेवून त्याच्याभोवती पेन्सिल फिरवायची. तो उलटा दाखवणारा फोन माझ्या घरात चालायचा नाही.

शेजारी महानंदा राहते, अथणीची, घरी मुलांच्या शिकवण्या घेते. ती म्हणाली, अक्का, सगळ्यांचं असंच येतं. आरशात दिसतो तसा चेहरा आला की माणसाला बरं वाटतं. असू दे की. मी तिला सांगितलं, 'असू दे' म्हणणाऱ्यांमुळेच चुकीचे गुडघे उघडले जातात. ती पोट धरून हसली आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते मिररचं बटण कुठे असतं ते दाखवलं. बंद मी केलं. माझ्या बोटाने.

पुन्हा फोटो काढला. पदर डावीकडे, L सरळ. जिंकले.

८ जून
फोटोतली बाई मला आवडत नाही हे इथे लिहायला हरकत नाही. भांग भलतीकडे, एक भुवई चढलेली, ओठांचा कोपरा खाली. कुणाकडे तरी तक्रार घेऊन आल्यासारखी. मी जन्मभर स्वतःला आरशातच पाहिलं, म्हणजे उलटंच पाहिलं. ही बाई लोकांनी पाहिली. केतकीचा निरोप आला, आज अगदी तू दिसतेस.

तर मग हाच माझा चेहरा. पटवून घेईन. बटण बंदच राहील.

११ जून
सकाळी पदराला पिन लावायला आरशासमोर उभी राहिले. माझा पदर डाव्या हाताला, म्हणजे आरशातही तो माझ्या डाव्या हातालाच दिसायला हवा. आज तो समोर उजवीकडे होता. मी डावा हात वर केला. आरशातल्या बाईने वर केला तो तिचा डावा, माझ्यापासून तिरका. आरशात प्रतिबिंब नव्हतं. दोन बायका एकमेकींसमोर उभ्या राहाव्यात तशा आम्ही उभ्या होतो.

चष्मा पुसला. तेच.

साखर मागायच्या निमित्ताने महानंदाला बोलावलं आणि आरशासमोर उभं केलं. तिचं प्रतिबिंब व्यवस्थित उलटं होतं, जसं असायला हवं तसं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं, आणि साखरेची वाटी खाली ठेवली. म्हणाली, अक्का, ते बटण परत चालू करा, आजच करा. प्रतिबिंब उलटं असतं तोवर ते आपलं ऐकतं.

मी म्हटलं, मला कुणी ऐकायला नको आहे, मला सरळ दिसायला हवं आहे. ती म्हणाली, तुमच्यासारखीच हट्टी असेल ती पण. आरशावर चादर टाकायला निघाली होती. टाकू दिली नाही. मी कुणापुढे तोंड लपवत नाही, स्वतःपुढे तर नाहीच.

१४ जून
आज भरदिवसा तिची परीक्षा घेतली. मी हात वर केला, तिने केला, जरा उशिरा. मी खाली घेतला. तिने वरच ठेवला. मग निवांत, माझ्याकडे बघत, खाली घेतला.

मी तिला इंग्रजीत झापलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये झापायची भाषा तीच होती आणि ती मला अजून चांगली येते. सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या तसं म्हटलं, की उद्धटपणाला या वर्गात जागा नाही. ती हसली.

मी हसत नव्हते.

१६ जून
दोन दिवस हात चुकतात. कुलपात किल्ली उलटी फिरवते. निऱ्या भलतीकडे जातात. आज डाव्या कुशीवर पडले आणि लक्षात आलं, ठोका वरच्या बाजूला लागतो आहे. उजवीकडे.

घाबरून बसणाऱ्यातली मी नाही. खालच्या रस्त्यावर तपासणी केंद्र आहे, तिथे गेले आणि छातीचा एक्स-रे सांगितला. भूमिका नावाची मुलगी होती, चुणचुणीत. तिची अक्षरं संगणकात असतात, शिसं तिने पाहिलेलंही नव्हतं. मी माझा L स्वतः डाव्या खांद्यावर चिकटवला. तिला गंमत वाटली.

पडद्यावर फिल्म आली. हृदय जागच्या जागी. L चा पाय मात्र उलटा.

मी त्या उलट्या पायावर बोट ठेवलं. तिने लगेच कबूल केलं. मॅडम, हृदय चुकीच्या बाजूला आलं होतं. मला वाटलं माझंच काही चुकलं, म्हणून बटण दाबून चित्र फिरवलं, आम्ही करतो कधीकधी. मी म्हटलं, मुली, चित्र फिरवता येतं, शिसं फिरवता येत नाही. आधीचं दाखव.

तिने दाखवलं. L सरळ. हृदय उजवीकडे.

माझ्या छातीचा एक्स-रे मी दरवर्षी काढून घेत होते, खात्याचा नियमच होता. प्रत्येक फिल्मवर हृदय डावीकडे आहे.

फोटोतला उलटेपणा मी काढून टाकला. तो गेला कुठे, ते मी विचारलं नव्हतं. तो माझ्यात आला आहे. सरळ आता ती आहे.

१९ जून
आज मुद्दाम फोटो पाठवला नाही. तरी केतकीचा निरोप आला. आई, इरकल काय सुंदर दिसते आहे.

इरकल परवापासून इस्त्रीवाल्याकडे आहे.

पाठवलेले फोटो उघडले. हाच हॉल. ती इरकल नेसून उभी. पदर डावीकडे, चमकी डावीकडे, केसात गजरा. मी नाकाला बोट लावलं. चमकी उजव्या नाकपुडीत.

केतकीला फोन केला, सगळं सांगितलं. एक्स-रेसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं, आणि त्या शांतपणाचीच मला चीड आली. म्हणाली, आई, तू एकटी पडलीस म्हणून असं होतंय. सकाळी किती टवटवीत दिसत होतीस. तुझा चेहरा मला खोटं सांगत नाही.

अठ्ठावीसला ती येईल आणि आपली आई चेहऱ्यावरून ओळखेल. म्हणजे दार उघडताना तिथे मी असायला हवी. दार मी उघडणार. दुसऱ्या कुणाच्या बापाची हिंमत नाही.

२२ जून
महानंदाचं ऐकायचं ठरवलं. हरले म्हणून नव्हे. जे बटण मी बंद केलं ते चालू करण्याचा हक्कही माझाच.

फोन उघडत नाही. चेहरा ओळखता आला नाही, म्हणतो. चष्मा काढून पाहिलं, खिडकीशी जाऊन पाहिलं. ओळखता आला नाही. फोन उघडायचे आकडे केतकीने घातलेले, मला माहीत नाहीत.

रागाने फोन आरशासमोर धरला, पडदा तिच्याकडे करून. म्हटलं, घे, तूच बघ.

फोन उघडला.

वळवून हातात घेईपर्यंत पुन्हा बंद.

महानंदाची बेल वाजवली. आतून आवाज येत होते, मुलं पाढे म्हणत होती. दार कुणी उघडलं नाही. माझ्या बोटाखाली बेलचा आवाजच —

२५ जून
दूध आणायला खाली उतरले. जिना आज दुसऱ्या हाताला होता. रस्त्यावर माणूस नाही. फुलांचे ढीग होते, वास नव्हता. दुकानांच्या पाट्या होत्या तशाच, म्हणजे मला वाटलं होत्या तशाच. कन्नड मला वाचता येत नाही. सरळ असली काय आणि उलटी असली काय, मला सारखीच.

कोपऱ्यावर BANK लिहिलं आहे. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. आज K सुरुवातीला होता. दोन्ही पाय भलतीकडे टाकून.

कमरेला खोचलेला L काढला. पाय डावीकडे.

म्हणजे मी कधीपासून —

परत वर आले. हॉलमध्ये आरसा आहे. आरशापलीकडेही हॉल आहे. तिथे ती सोफ्यावर बसली आहे आणि महानंदा तिला कॉफी देते आहे. अक्का म्हणते आहे. ती माझ्यासारखी हसते, महानंदाच्या विनोदावर, जरा तुच्छतेने. मला राग आला तो याचा. ते हसू माझं आहे.

महानंदाने मध्येच आरशाकडे पाहिलं. कप खाली ठेवला. लगेच नजर काढून घेतली. पण तिने पाहिलं.

२६ जून
काच ठोकली. आवाज इकडेच राहतो.

ओरडले. तिने मान वळवून ओठावर बोट ठेवलं. मला. माझ्याच वयाच्या बाईला.

बाई, तुला ठाऊक नाही मी कुणाशी भांडून निवृत्त झाले आहे. खातं बदललं, डीन बदलले. मी बदलले नाही.

२७ जून
तिच्याकडे घर आहे, फोन आहे, चेहरा आहे. एक नाही. किल्ल्या तिच्या हातात दिसतात, त्यांना अक्षर नाही. L माझ्याकडे. तो दोघींकडे होऊ शकला नाही. शिसं फिरवता येत नाही.

शिसं काचेवर करडी रेघ ओढतं. पुसून पाहिली. इकडून पुसत नाही. म्हणजे ती तिकडे —

केतकी L ओळखेल. ती चेहरा बघते. तिला अक्षर बघायला लावलं पाहिजे.

पदर उजवीकडे पडतो आहे. ओढून डाव्या खांद्यावर घेतला. परत पडतो. परत घेतला. दिवसभर हेच करेन, माझ्याकडे वेळ आहे.

२८ जून
सकाळ. ती नटली आहे. गजरा.

L आहे तसाच काचेला लावला, पाय माझ्या डावीकडे, म्हणजे तिकडून सरळ दिसेल. भोवती रेघ ओढते आहे. केतकी ओढायची तशी. एकाखाली एक. आरसाभर.

तिकडे बेल. मला ऐकू येत नाही, पण ती उठली. पदर सारखा केला.

दार तिने उघडलं —

केतकी. बॅग टाकली. तिला मिठी मारते आहे. केतकीच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघते. बघ. मी पण बघते आहे.

केतकी आता तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून — खूश आहे — नाही, चेहरा नको, केतकी, चेहऱ्यावर जाऊ नकोस —

महानंदा दारात आली. सरळ आरशाकडे बोट —

माझा चेहरा घेतलेली ती चादर घेऊन येते आहे. हसत. केतकीला काहीतरी सांगत. चादर —

मी ओढतेच आहे. L. L. पदर पडला, पडू दे, नाही, घेतला —

केतकीने चादर धरली. खाली बसली आहे काचेशी. अगदी जवळ. रेघेवर बोट ठेवलं, वरून खाली, आता उजवीकडे वळव, बाळा, पाय उजवी