सुका कचरा

१२ ऑक्टोबर, सुदामा नगर, इंदूर

उद्या निघायचं. शेवेची पाकिटं भरली. तीन वर्षांनी ऋचा दिसणार! स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं म्हणून यांनी लेकीला दार बंद केलं. आता तिनंच म्हैसूरला बोलावलंय, आणि हे 'बघू' म्हणाले. यांचं 'बघू' म्हणजे हो. पण सरळ लेकीकडे जायचं तर कमीपणा येतो, म्हणून आधी कूर्गच्या जंगलात दोन रात्री. फिरायला आलो होतो, सहज भेटलो, असं दाखवायचं. धन्य आहे.

१५ ऑक्टोबर, जंगलातलं लॉज

पाऊस, जळवा. उशीसुद्धा दमट. ओल लागू नये म्हणून हे रात्री कानाचं मशीन टिश्यू पेपरात गुंडाळून ठेवतात. मशीनचं ऋचाला माहीत नाही. ती घर सोडून गेल्यानंतरच यांचे कान गेले. तिला सांगायचं नाही अशी मला तंबी.

१६ ऑक्टोबर, म्हैसूर

सकाळी खोली आवरली. आम्ही इंदोरी माणसं. परक्याच्या खोलीतला कचराही ओला-सुका वेगळा करून ठेवणार. केला. लॉजवाला कौतुक करत होता, मी फुशारले.

गाडीत मशीन घरघरतं, उतरताना घालेन म्हणाले. घाट उतरून कॉफीचे मळे लागले तेव्हा खिसे चाचपले. मग माझ्याकडे पाहिलं. टिश्यूचा तो बोळा मीच सुक्या कचऱ्यात टाकला होता. लॉजला फोन लावला. सुका कचरा आम्ही सकाळीच जाळतो, म्हणाला.

मी रडले. हे रागावले असते तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाले, "उसको पता नहीं चलना चाहिए. बहिरा बाप बघून दया करेल. दया नको मला."

राजवाड्याजवळच्या हॉटेलात ऋचा एकटीच आली. वाळलीय. पोह्यांशिवाय शेव कशी खायची म्हणत उपम्यावर शेव घातली, बाबांच्या ताटलीतही. दोघं अगदी सारखे खातात, आधी कडेची शेव. मग मान खाली घालून तिनं विचारलं, "बाबा, दिवाळीला घरी येऊ?"

हे शेव वेचत होते.

ती थांबली. मी तोंड उघडलं, तर टेबलाखाली यांनी माझा हात दाबला. मी गप्प बसले. का बसले? "बरं," म्हणून ती उठली. पाया पडून गेली.

खोलीवर आल्यावर हे खुशीत. म्हणाले, राग गेलेला दिसतो, पाया पडली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

१७ ऑक्टोबर, परतीच्या गाडीत

ऋचाला फोन करून सगळं सांगितलं. मशीन, टिश्यू, कचरा. शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "आई, बस हो गया. तू जिंदगीभर यांची कारणंच सांगत आलीस. ही तर हद्द आहे, कचऱ्यात गेलं म्हणे."

खरंच आहे. तिच्या एकाही बक्षीस समारंभाला हे आले नाहीत, आणि प्रत्येक वेळी मी कारण बनवलं. कधी पोटदुखी, कधी ड्युटी. आज खरं सांगितलं, तर ते त्याच रांगेत जाऊन बसलं.

२० ऑक्टोबर, घरी

यांनी ऋचाची खोली झाडायला घेतली. मला राहवलं नाही. कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, दिवाळीला येऊ का विचारत होती.

झाडू हातातच राहिला. "मग मी काय म्हणालो?"

माझं ओरडणं ऐकून शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

२६ ऑक्टोबर

नवीन मशीन आलं. हे सकाळपासून घालून बसलेत. आज पहिल्यांदा स्वतः ऋचाला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मी म्हटलं, जेवून घ्या, कामात असेल. हेही कारणच.

फोन कानाला धरून हात वर केला, मला गप्प राहायची खूण. रिंग स्पष्ट ऐकू येते, म्हणाले.