मेंढरं बसलेली जागा

कडेगाव, मंगळवार, मे १९६४

जमिनीत पाणी किती मुरतं ते बघायला माळावर साफ, सपाट जागी लोखंडी कडं ठोकून आत पाणी ओतलं. तासाभरात बोटभरही मुरलं नाही. वहीत ठणकावून लिहिलं: जमीन चौथा वर्ग, म्हणजे सर्वांत कमी मुरणारी, पाऊस नुसता वाहून जाणार, पाझर तलावाला जागा नालायक.

मेंढरं राखणारे ज्ञानूबा हसले. "आवं सायेब, म्हैनाभर माजी मेंढरं हितंच बसत्यात. तुडवून फरशी झालीया."

कडं उपसून पन्नास पावलांवर ठोकलं. तेवढंच पाणी ज्ञानूबांची विडी संपायच्या आत गडप! वर्ग खोडला, तलाव वाचला. माझी पद्धत पक्की आहे, यात शंकाच नाही.

पण याआधी कोरेगावची जागा तपासली, तिथं? तिथंही कडं अशाच साफ, सपाट जागी ठोकलं होतं. सोयीचं वाटलं म्हणून. कुणाला विचारलं होतं का? नाही. जागा नालायक म्हणून अहवालावर सहीसुद्धा केली.

उद्या पहिल्या एस.टी.ने कोरेगाव. आधी मेंढपाळ गाठायचा, मग कडं ठोकायचं.