सुजयची सही

३ नोव्हें., सोम.
वकीलबाईंकडे जाऊन आलो, नेहा आणि मी. ईरा माझ्या मांडीवर झोपलेली. वाटलं होतं, अडॉप्शनचा फॉर्म भरला की झालं. स्वतःच्या बायकोच्या पोटच्या पोरीला दत्तक घ्यायचं, हेच मला मुळात येडपटपणाचं वाटत होतं. लग्न झालंय, बर्थ सर्टिफिकेटवर आई म्हणून दोघींची नावं आहेत. बाई म्हणाल्या, ती नुसती नोंद. दुसऱ्या राज्यात कोणी अडवलं, किंवा नेहाला काही झालं, तर हातात कोर्टाची ऑर्डर हवी.
मग विचारलं, डोनर कोण? माझा सख्खा भाऊ. क्लिनिक? नाही, घरीच केलं. लेखी काही?
काही नाही. आपल्या माणसात कागद कसला, असं मीच ऐटीत म्हणाले होते. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मग तो बाप आहे असं उद्या कोणीही म्हणू शकेल. त्याने जज्जसमोर हक्क सोडले तरच पुढचं.
गाढव मी. शुद्ध गाढव.

४ नोव्हें.
सुजयला फोन, बॉथेलला. तोही इकडे परदेशातच, पण विमानाने यावं लागतं. लगेच हो म्हणाला. कोर्टाची १९ची तारीख मिळतेय, १८ला येतो म्हणे. वर मलाच, ताई एवढं काय टेन्शन घेतेस. जीव भांड्यात पडला. नेहाने चहा केला, मी दोन कप प्यायले.

९ नोव्हें., रवि.

ऑगस्टमध्ये आईने नाशिकला पाळणा रिकामा ठेवून ईराचं बारसं केलं होतं. फोटो बघून आम्ही हसलो होतो. कार्डही छापलं होतं, हे माहीत नव्हतं. आमच्या लग्नानंतर मला घरच्या ग्रुपमधून काढलंय ना. आज मावशीने सहज पाठवलं, खाली 'आत्याबाईंचं अभिनंदन'.
कार्डावर: चि. सुजय व सौ. नेहा यांची कन्या. आत्या: मधुरा.
आत्या! मी.
ग्रुपमध्ये खाली सुजयचं उत्तर, तेही मावशीने पाठवलं. 'सर्वांचे आभार', हात जोडलेले. आणि मला एका शब्दाने बोलला नाही हा.
आईला फोन केला. ओरडलेच. ती शांत. लोकांना काय सांगायचं होतं मी, म्हणे. म्हटलं, तुझी नात तर ती तशीही आहेच ना?
"तुझ्याकडून कशी असेल?" आई म्हणाली.
फोन ठेवला. नेहाने विचारलं, काय झालं. तिला मराठी वाचता येत नाही, कार्ड मीच वाचून दाखवलं. तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "तू ममा आहेस. पीरियड."

१४ नोव्हें.
वकीलबाई म्हणाल्या, कार्ड कोर्टापासून लपवायचं नाही. भाषांतर करून द्या. शिकागोत जन्मलेल्या बायकोला जमणार नाही, म्हणून मीच टाइप केलं. फादर: सुजय. आन्ट: मधुरा. स्वतःच्या हाताने.
डेकेअरमध्ये फॉर्मवर 'मदर'पुढे सही करताना आज पहिल्यांदा मागे वळून पाहिलं, कोणी बघतंय का. रोज करते ती सही.

१७ नोव्हें., सोम.
आईकडे कोर्टासाठी दोन ओळी मागितल्या. 'कार्ड मी माझ्या मनाने छापलं' एवढंच. देते म्हणाली. मग म्हणाली,
"पण सुजयच्या मनात काय आहे, ते विचारलंस का कधी? ते आभार काय मी लिहिले त्याच्यासाठी?"
नाही विचारलं. मुळीच नाही. मागितलं, त्याने दिलं, आम्ही घेतलं. आज विचारायला फोन उचलला आणि हवामानाचंच बोलले. बर्फ पडलाय, जाड जॅकेट आण म्हटलं.

१८ नोव्हें.
सुजय आला. जॅकेट विसरला. ईरा अनोळखी माणसाकडे जात नाही, याच्याकडे झेपावली. हसल्यावर दोघांच्या गालाला तीच खळी. ती आमच्याकडची, म्हणून तर त्याला विचारलं होतं मी. आज ती बघवेना.
जेवताना म्हणाला, "ताई, सही केली की मी तिचा कोण?"
"मामा. मामाच आहेस."
"मामा," म्हणाला. भात चिवडत राहिला. नेहा ताटावरून उठून उगाच भांडी घासायला लागली. कार्डाचं विचारायचं होतं मला. घाबरले. उत्तर आवडलं नसतं तर काय करणार होते?

१९ नोव्हें., बुध.
कोर्ट दहाला. आईच्या दोन ओळी आलेल्या नाहीत. नेहा गाडीवरचा बर्फ काढतेय. मी सगळे कागद पिशवीत भरून दाराशी उभी आहे, उभ्यानेच लिहितेय.
ईराला कपडे घालतो म्हणून सुजय तिला वर घेऊन गेला. हाक मारली. "आलो," म्हणाला.
वीस मिनिटं झाली. वर ती हसतेय. पुन्हा हाक मारायचा धीर होत नाहीये.